कोरे कान

कथेतल्या धक्क्याला होडी लागली. चहात बिस्कीट बुडालं. कुणीतरी पंखा बंद केला.

चिपळूणच्या लेखक मंडळाचा नियमच होता, की सुधारलेली कथा ऐकण्याआधी सगळ्या श्रोत्यांनी विसरगोळी घ्यायची. मग जुना खर्डा डोक्यातून पुसला जाई आणि कान कोरे होत.

कुमुदताईंनी होडीची कथा पुन्हा वाचली. याही वेळी होडीतल्या माणसाने धक्क्यावरच्या बाईला हाक मारली नाही.

“पहिल्यांदाच ऐकतोय,” गजाननराव म्हणाले, “पण त्याने हाक मारायला हवी होती.”

“दर वेळी हेच म्हणता हो तुम्ही! गोळी घेऊनसुद्धा!” कुमुदताई म्हणाल्या.

“मग बदला की शेवट.”

“आधी कुणी हाक तर मारू दे,” त्या हळूच म्हणाल्या.

गजाननराव कप विसळायला उठले.

पहिल्या वाचनापासून त्यांनी एकही गोळी गिळलेली नव्हती.