यादीबाहेरचा फोन

पडद्यावर लाल ओळ पुन्हा उमटली. अनोळखी फोन. यादीत नाही. प्रवेश नाकारला.

सकाळपासूनची ही चाळिसावी ओळ. नेटवर्क सांभाळणारी मुलगी खुर्ची ओढून पुढे सरकली. इमारतीच्या तिसऱ्या तळघरात बाहेरचं नेटवर्क पोचत नाही, म्हणून तिथल्या भिंतीवर एक डबा बसवलाय. तळहाताएवढा टॉवरच म्हणा ना. पण कंपनीची सगळी गुपितं त्याच तळघरात, त्यामुळे डबा फक्त यादीतल्या अकरा फोनना ओळख देतो. बाकी कुठल्या फोननं आपोआप दार ठोठावलं तर सरळ नाही म्हणतो. यादीत नंबर घालणं-काढणं हे हिचं काम, आणि तेही साहेबांच्या सहीशिवाय नाही.

आज सुट्टी होती. खाली कुणी असायचं कारणच नव्हतं.

तिनं साहेबांना फोन लावला.

"कुणीतरी आत घुसायला बघतोय," साहेब म्हणाले. "कायमचा बंद करून टाक त्याला. म्हणजे डबा पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

"पण साहेब, हा फोन हलत नाहीये. दोन तास झाले, सिग्नल तेवढाच क्षीण. घुसणारा माणूस एका जागी मांडी ठोकून बसेल का?"

"तू पोलीस आहेस का? सांगितलं तेवढं कर. आणि यादीला हात लावलास, तर उद्या यायची तसदी घेऊ नकोस."

नोकरीला लागून तिला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. तिनं फाटकावर फोन केला. तिथले रखवालदार मामा वही चाळू लागले.

"सगळे गेलेत ताई. गटाराचा पंप दुरुस्त करायला एक पंपवाला आठला आलेला दिसतोय, माझ्या आधीच्या पाळीत. गेल्याची वेळ लिहिलेली नाही. पण विसरतात हो लोक, रोजचंच आहे ते."

"त्याचा नंबर?"

"सही धड वाचता येईना, नंबर कुठला!"

तिनं घड्याळ पाहिलं. लाल ओळ दर तीन मिनिटांनी येत होती. तीन मिनिटं झाली. ओळ आली नाही. चार झाली. आता बंद करायलाही काही उरलं नाही, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. पाच.

ओळ उमटली.

तिनं 'यादीत घाला' दाबलं. लाल ओळ हिरवी झाली आणि शेजारी दहा आकडी नंबर दिसला.

मग ती थांबलीच नाही. मामांना जिन्यापाशी बोलावलं, स्वतःचा फोन घेतला, तो यादीतला होता, आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत खाली धावली. मामा वही बगलेत मारून मागे धापा टाकत होते. "ताई, जरा दमानं! माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा!"

तळघरात यंत्रांची घरघर होती. तिनं तो नंबर लावला.

"मामा, कुठं वाजतंय का?"

"काय ऐकू येणार या घरघरीत?"

दोघं भिंतीला कान देत पुढे सरकले. अगदी टोकाला, पंपाच्या खोलीच्या लोखंडी दारामागून, एक नाचरी, उडती धून दबक्या आवाजात ऐकू आली. कुणी उचलत नव्हतं.

दार घट्ट बसलं होतं. दोघांनी मिळून हिसडा दिला तसं ते उघडलं आणि कुजका वास भपकन अंगावर आला.

"मागे व्हा!" मामा ओरडले. "गटाराचा गॅस आहे. उभ्या माणसाला आडवा करतो तो."

त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, श्वास कोंडला आणि आत वाकले. पंपवाला दाराशीच पालथा पडला होता. त्याच्या काखेत हात घालून मामांनी त्याला फरफटत बाहेर काढलं, तसंच जिन्यापाशी आणलं. खिशातला फोन अजून वाजत होता. कॉल तुटला की आपण पुन्हा लावतोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिनं तो बंद केला.

"श्वास आहे," मामा त्याच्या नाकाशी हात धरून म्हणाले. "दाराखालच्या फटीशी तोंड होतं म्हणून वाचला गडी."

तिनं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मामा वहीनंच त्याला वारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं तो खोकला, वळवळला आणि त्यानं डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं.

इतक्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी ती लावत नव्हती. नाव होतं 'घर'. त्याला फोन धरता येईना. तिनंच कॉल उचलून त्याच्या कानाशी धरला.

"अहो, केव्हापासून लावतेय! लागत नाही, काही नाही. आहात तरी कुठं?" पलीकडचा आवाज जिनाभर घुमला.

पंपवाल्याचे ओठ हलले. "इथंच आहे गं," तो म्हणाला. "इथंच." आणि त्याला रडू फुटलं.

तिचा स्वतःचा फोन थरथरला. साहेब.

"यादी बदलल्याची सूचना आलीय मला. बारावा नंबर कुणाचा तो? आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढते साहेब," ती हळूच म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ दे."