झाड सोडू नको

डॉक्टर स्वानंदनी आठच्या आकड्यासारखं चपटं यंत्र काशीरामच्या डोक्यावर टेकवलं. टक् झालं, आणि मांडीवर मेल्यासारखा पडलेला त्याचा उजवा अंगठा उडाला.

जनीनं डोक्यावर पदर घेतला. नवऱ्याचा तो हात गेलं वर्षभर तीच उचलून बाजूला ठेवत होती, भांडं ठेवावं तसा.

"आता तुम्ही हलवा, आजोबा," डॉक्टर म्हणाले. काशीरामच्या कपाळावर घाम आला. अंगठा हलला नाही.

पनवेलच्या या दवाखान्यातली ही ठरलेली शेवटची खेप. मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाही, म्हणून चुंबकानं मेंदूला बाहेरूनच जागं करायचं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आज अंगठा आपणहून हलला तरच उपचार पुढे चालणार. नाहीतर म्हाताऱ्या माणसाला उगाच हेलपाटे नकोत, असंही त्यांनी सुनेला, किशोरीला, सांगितलं होतं.

पुन्हा टक्. पुन्हा अंगठा उडाला. जनीनं हात जोडले.

"कोन आलाय?"

किशोरी लाजली, आई, गप्प बसा ना म्हणाली. डॉक्टर हसले. कोणी नाही आजी, चुंबक आहे.

त्यांच्या गावात, बेलपाड्यात, इमारती उठल्या नव्हत्या तेव्हापासून जनीनं हे पाहिलं होतं. माणसाचं अंग त्याच्या मर्जीवाचून हलायला लागलं, की त्याला माणूस म्हणत नसत, झाड म्हणत. झाडावर जो आला असेल त्याला नाव विचारायचं, हवं ते द्यायचं आणि सांगायचं, झाड सोड.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. पाठ वळवून ते किशोरीशी हळू आवाजात बोलू लागले. शब्द ऐकू आले नाहीत, पण सूर जनीला कळला. ती नवऱ्याच्या हातावर वाकली.

"जो कोन हायस तो र्‍हा," ती कुजबुजली. "झाड सोडू नको."

अंगठा हलला. उडाला नाही, सावकाश वर आला आणि एकेका बोटाला टेकत गेला, ओळख करून घेतल्यासारखा.

डॉक्टर वळले ते बघतच राहिले. मग खुर्ची ओढून जवळ बसले. यंत्र बंद असताना हलवलात की आजोबा, आता पुढच्या आठवड्यात नक्की यायचं, म्हणाले.

काशीरामचे डोळे विस्फारले होते. जड जिभेनं तो काही पुटपुटला. त्याचं बोलणं आता फक्त जनीलाच कळे.

"मी नाय हलवला."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरा वाटतंय म्हंतान," जनी म्हणाली, आणि दृष्ट लागू नये म्हणून तो हात तिनं पदराखाली झाकला.