टिटवीचं नाक

"नाक हलकं आहे हिचं," बाबा म्हणाले. पंखांखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून त्यांनी टिटवीला उचललं, तर ती सरळ शेपटीवर बसायला निघाली. "पुढे वजन घालावं लागेल. बघतो मी."

टिटवी म्हणजे त्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडातून बांधलेलं, रिमोटवर उडणारं विमान. मुलगी म्हणाली, शिसं आणून देते. नको म्हणाले. माझं मी बघतो, तू तुझ्या गाड्या शिकव.

त्यांचं हे असंच. डोळ्यांचा मधला भाग गेला, कडेकडेचं तेवढं अंधूक दिसतं, पण तोरा जागच्या जागी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मात्र सगळा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवायला हाक मारली तर भूक नाही, बोलायला गेलं तर डोकं दुखतंय. मग एक दिवस आपण होऊन उठले आणि बाल्साच्या फळ्या घेऊन टेबलाशी बसले. नुसतं बोटांनी चाचपत पंखांची एकेक फासळी कापली, घासली, चिकटवली. पंखांवरचा पातळ कागद इस्त्रीने ताणताना बोटं भाजून घेतली, पण सुरकुती म्हणून राहू दिली नाही. घरात पुन्हा गोंदाचा वास यायला लागला, शिव्या ऐकू यायला लागल्या. मुलीला त्या शिव्यांचंसुद्धा कोण कौतुक!

पण बांधलेलं विमान उडवायचं असतं, आणि आकाशातलं विमान काही चाचपता येत नाही. हे त्यांना सांगणार कोण? टिटवी पडली तर बाबा परत भिंतीकडे तोंड करतील आणि या खेपेला उठायचे नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

युक्ती सुचली ती तिच्या धंद्यातूनच. ती ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. कुत्रं आडवं आलं की ती तो हळूच दाबायची, आणि शिकणाऱ्याला वाटायचं, वा, आपणच थांबवली गाडी. तसाच एक दुसरा रिमोट तिने आणला आणि टिटवी गुपचूप त्याला जोडून टाकली. आता बाबांनी आपल्या रिमोटच्या दांड्या कितीही फिरवल्या तरी विमानाला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

उडवायला तिला शिकवलं पेट्रोलपंपवाल्या काकांनी. ते बाबांचे मैदानावरचे जुने दोस्त. शिकण्यात तिने त्यांच्या दोन विमानांचा भुगा केला, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "पोरी, त्याला हे कळलं ना, तर तुला-मला दोघांनाही उभं जाळेल."

संशय नको म्हणून बाबांच्या रिमोटचे चार सेलही ती नेमाने चार्ज करायची. टॉर्चच्या सेलांत मिसळू नयेत म्हणून तिने प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. टिटवी उडवायच्या आदल्या दुपारीही तिने ते चार्ज करून रिमोटमध्ये बसवून ठेवले. संध्याकाळी बाबा दार लावून टिटवीच्या नाकात वजन आणि बॅटरी बसवत होते.

मैदानावर वारा होता. बाबांनी रिमोट कुणाला धरू दिला नाही. स्वेटरखाली पोटाशी धरून आणला, आणि तिला म्हणाले, तू गाडीत बस, मागे कुणी उभं राहिलं की मला सुचत नाही. तिने गाडीचं दार नुसतंच आपटलं आणि आपला रिमोट घेऊन त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. स्वतःच्या बापाला असं फसवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काकांनी टिटवी हातातून सोडली. ती वर चढली.

एक बरं होतं. विमानाशी बडबडायची बाबांना जुनी खोड, आणि आज तर तोंडाला खळ नव्हता. डावीकडे वळ बाई, हळू, अजून थोडी. आता सरळ हो. ते म्हणायचे तसं ती करत गेली. मग वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, मोटरचा सूर बदलला आणि टिटवी एका पंखावर कलंडून खाली यायला लागली. तिचे अंगठे दांड्यांवर थिजले.

बाबांचा आवाज चढला नाही. "घाबरू नकोस. ओढू नकोस वर. नाक खाली कर, वेग येऊ दे. येऊ दे म्हणतो ना. हां, आता घे वर."

तिने तसंच केलं. टिटवी सावरली, एक चक्कर मारून आली आणि गवतावर घसरत जाऊन थांबली.

"उतरली?" बाबांनी विचारलं.

"उतरली," काका म्हणाले, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाबा म्हणाले, हिला बोलाव गाडीतून. ती पळत जाऊन दार आपटून आली. फार छान उडवलंत, असं तिने सांगितलं. बाबांनी चाचपत तिचे हात हातात घेतले. गार पडलेत, एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ते पोटभर जेवले आणि खोलीत जाऊन घोरायला लागले. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता दर सुट्टीला असंच करायचं, तिने ठरवून टाकलं.

सेल चार्जिंगला लावायला तिने बाबांचा रिमोट उचलला. तो हलका लागला. झाकण सरकवलं, तर आत काहीच नव्हतं. मैदानावर पडले की काय, असं म्हणत तिने तो बाजूला ठेवला आणि बॅटरी काढायला टिटवीचं नाक उघडलं. आत, बाबांनी आदल्या संध्याकाळी बसवलेलं वजन होतं. गोंदाने पक्के चिकटवलेले चार सेल, प्रत्येकावर लाल ठिपका.