आठी

"घुंगरं अजून दबलीत," म्हणत ध्वनिमुद्रक प्रभुदेसाईंनी स्टुडिओतल्या मिक्सरवर त्यांचा आवाज आणखी वर सरकवला.

स्वतःची गाणी घेऊन पहिलाच अल्बम करायला आलेली मुलगी शेजारी बसली होती. "छान वाटतंय, सर," ती म्हणाली खरी. पण तिच्या कपाळावर आठी पडली होती आणि हात नकळत कानाकडे गेला होता.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. घुंगरांची पट्टी लाल झाली होती, म्हणजे ती कानठळ्या बसतील अशी वाजत होती. त्यांना मात्र नुसती ढोलकी ऐकू येत होती.

इतकी वर्षं कलाकार त्यांच्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवत आले होते. त्या कानांनी दगा कधी दिला, हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. आणि ही पोर भिडेखातर 'छान' म्हणत होती.

तिच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता ते आवाज हळूहळू खाली आणत गेले. आठी विरली तिथे त्यांचं बोट थांबलं.

"आता?"

"आता मस्त! पुढचं गाणं सोमवारी करू या ना, सर?"

"करू. पण माझ्या एका शिष्याकडे," ते म्हणाले. "त्याला घुंगरं ऐकू येतात."