टेकड्या हलल्या

सरांनी भिंग उचललं आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी खुर्चीच्या कडेवर सरकली.

टेबलावर दोन फोटो होते. यानाने काढलेले, मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांचे. काळी वाळू, कडांवर पांढरं हिम. जागा तीच, ऋतू तोच, मध्ये मंगळाची सहा वर्षं गेलेली.

सरांचा अख्खा नावलौकिक या टेकड्यांवर उभा होता. त्या बर्फाने घट्ट गोठल्यात, तसूभरही हलत नाहीत, असं त्यांनी तीस वर्षांपूर्वी पुस्तकात लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने तेच पाठ करून पहिला नंबर काढला, सरांच्याच शिफारशीने संशोधन संस्थेत चिकटली. आणि आता तिच्या मोजणीत टेकड्या चांगल्या तीन मीटर सरकल्या होत्या.

हे सांगायला ती आधी दोनदा येऊन गेली होती. एकदा सरांच्या गुडघ्याची चौकशी करून परतली, एकदा काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, हातचा चहा पिऊन. आज मात्र शोधनिबंध पाठवायचा शेवटचा दिवस होता.

सरांनी पट्टी मागितली. मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"कॅमेरा हलला असेल."

"नाही सर. शेजारचे खडक जागच्या जागी आहेत."

सरांनी खडक मोजले. खडकांनीही त्यांची बाजू घेतली नाही.

सरांनी पट्टी खाली ठेवली. मग तीच पुटपुटली, "मी तुमचं नाव घालणार नाही, सर. 'पूर्वी असा समज होता', एवढंच लिहीन."

"समज कुणाचा होता? शेजाऱ्यांचा?" सर कडाडले. "नाव लिही. पुस्तकातल्या पान क्रमांकासकट लिही. आणि लिही, की माझं चुकलं."

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं. काकू ओल्या हातांनीच दारात आल्या.

"काय म्हणालात?"

"माझं चुकलं म्हणालो," सर म्हणाले. या वेळी बरंच हळू.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

"पोरी, टेकड्या काय, आज ना उद्या हलणारच होत्या. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हे हलले, ते आधी छाप!"