आठचा मेसेज

“मेसेजवर जाऊ नकोस, आवाज ऐक. खोकला मेसेजमध्ये ऐकू येत नाही,” मोठ्या ताई म्हणाल्या होत्या. तिने मान डोलावली आणि बाळाच्या तोंडातून चपलेचा पट्टा ओढून काढला. रोज आवाज ऐकत बसायला वेळ कुणाला होता?

मोठ्या ताई म्हणजे निवृत्त नर्स. धर्म सोडला म्हणून घरच्यांनी तोडलेल्या माणसांसाठी त्यांनी एक गट उभा केला होता. कुणाला खोली शोधून द्यायची, कुणाला काम, कुणाजवळ नुसतं बसून राहायचं. तीही त्याच वाटेने आली होती. फरक इतकाच, की नवरा तिच्याबरोबर बाहेर पडला होता. गटात नव्याने आलेल्या बाइंडरचं तसं झालं नाही. त्याची बायको माहेरी निघून गेली. भाऊ समोर दिसला की रस्ता ओलांडू लागला. आयुष्यभर त्याने प्रार्थनेची पुस्तकं बांधली होती. ती गिऱ्हाइकं आठवड्याभरात आटली. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच राहायचा.

पहिल्या बैठकीत तो एवढंच बोलला होता, “तिकडे प्रार्थनेला माझी जागा रिकामी दिसली की दुपारच्या आत चार जण दारात. इथे मी गेलो तर वासावरून कळेल.”

सगळे हसले. मोठ्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. एकट्या माणसाने रोज सकाळी आठला खुशाली कळवायची. नाही कळवली, तर तो ज्याच्या वाट्याला आलाय त्याने त्याचं दार गाठायचं. बाइंडर तिच्या वाट्याला आला.

एकदा तो विसरला. साडेआठला ती बाळाला कडेवर घेऊन उन्हातान्हातून धावत सुटली. तो आपला दुकानात खळ ढवळत बसलेला. तिला धापा टाकताना बघून त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप भरला. ते कळल्यावर तो फोनवर म्हणाला, “माझ्यापायी लेकराला त्रास नको, ताई. आता नाही चुकणार.”

आणि खरंच चुकला नाही. ठीक आठ. ‘काल झोप चांगली लागली.’ ‘दोन वह्या आल्यात शिवायला.’ ‘गुडघा बरा आहे.’ आधी ती त्याला एक दिवसाआड फोन करायची. मग रविवारी. मग मेसेज आलाय ना, म्हणून तोही राहिला. आठचा मेसेज वाजला की ती बाळाच्या अंघोळीचं पाणी काढायची.

“तुझा बाइंडर घड्याळ गिळून बसलाय,” नवरा म्हणायचा.

एकदा ‘आज छान ऊन पडलंय’ असं आलं. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं.

“त्याच्या गल्लीला वेगळा सूर्य असेल,” ती म्हणाली आणि दोघं हसली.

बाळाने आपलं चित्रांचं पुस्तक उसवलं होतं. ते तिने त्याच्याकडे शिवायला टाकलं. सोमवारी तिने विचारलं, ‘पुस्तक झालं का?’ मंगळवारी आठला आलं, ‘आज बरं वाटतंय.’ तिने पुन्हा विचारलं. बुधवारी आलं, ‘चहा घेतोय.’ ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. पुस्तकाच्या शिवणीवर अर्धा तास बोलणारा हा माणूस. पुस्तकाचं विचारावं आणि त्याने चहाचं सांगावं? पाणी तसंच टाकून तिने बाळाला उचललं.

शटर खाली होतं.

“सोमवारपासून उघडलं नाही,” शेजारचा किल्लीवाला म्हणाला. “म्हटलं, तुमची माणसं येऊन जात असतील.”

“अहो, पण मेसेज तर आत्ता आलाय!”

किल्लीवाल्याने मागचं दार उघडून दिलं. पुठ्ठे कापायच्या यंत्राजवळ बाइंडर जमिनीवर पडला होता. श्वास होता, पण नुसता घरघरणारा. बाळाचं पुस्तक टेबलावर शिवून तयार होतं, फक्त पुठ्ठा चढवायचा राहिला होता. फोन कोपऱ्यात चार्जरला लावलेला होता. तिने तो काढून त्याच्या खिशात घातला.

“पेशंटच्या तुम्ही कोण?” हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं. कुणी नाही, असं तिला म्हणवेना. कुणी आहे म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्याने बाइंडरच्या वस्तूंची पिशवी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेबाहेरच्या बाकावर बसली होती. आत बाइंडरच्या तोंडात नळी होती. पिशवी मांडीवर होती. आठ वाजले आणि तिचा फोन वाजला.

‘मी ठीक आहे. बाळाला जपा.’

पिशवीत त्याच्या फोनचा पडदा उजळला होता. तिने तो बाहेर काढला. फोनला पासवर्ड नव्हता. ज्याच्यापासून लपवावं असं घरात कुणी उरलंच नव्हतं. आत मेसेज रांगेने उभे होते. बाळाला ताप आला होता त्या दिवशी लिहून, आपोआप जायची वेळ लावून ठेवलेले. वर्षअखेरपर्यंतचे, रोज एक. कुणाला संशय येऊ नये म्हणून प्रत्येक वेगळा.

तो शनिवारी गेला. त्याचा फोन तिने घरी आणून चार्जरला लावलाय. रविवारी आठला मेसेज आला, ‘आज सुट्टी. निवांत आहे.’

तुम्हालाही कुणी रोज ‘ठीक आहे’ असं कळवत असेल. आज त्याला उत्तर लिहू नका, ती म्हणते. जा, दार वाजवा.