स्लॅबवरचे कावळे

बजेटमध्ये भिंतीएवढा टीव्ही बसेना, तेव्हा हेरंबने नव्या घराच्या नकाशातला गच्चीचा जिनाच खोडला. सपाट स्लॅबचा हट्ट आईचा होता, पापड वाळवायला गच्ची मिळेल म्हणून. तिला त्याने थाप मारली, "नव्या स्लॅबवर दोन वर्षं पाय ठेवायचा नसतो. जिना मग करू."

आईने ते गल्लीभर इतक्या खात्रीने सांगितलं, की मांजरंसुद्धा त्या घराला वळसा घालू लागली.

उन्हाळ्यात एका दुपारी हेरंब मॅच सोडून बाहेर आला, तर आई अंगणात लांब काठी घेऊन स्लॅबवरचे कावळे हाकलत होती. मागे बाजेवरच्या पापडांवर आणखी चार कावळे निवांत जेवत होते.

"अगं आई, पापड गेले."

"पापड पुन्हा लाटीन रे. दोन वर्षं तुझ्या स्लॅबवर कुणाचा पाय पडायला नको."

हेरंबला तिच्याकडे बघवेना. आत जाऊन त्याने टीव्ही बंद केला आणि मिस्त्रीला फोन लावला, "जिना उद्याच सुरू करा."

"उद्या कसा, साहेब?" मिस्त्री म्हणाला. "दोन वर्षं थांबायला काकूंनीच बजावलंय. काय ते आधी त्यांना सांगा."